पगार ठरला किती आणि हातात पडला किती, याचा हिशेब कामगाराच्या हातात द्या

प्रति,
उद्यमबाग, मच्छे आणि नावगे येथील कारखानदार, त्यांचे मजूर ठेकेदार आणि बेळगावच्या कामगार खात्याचे अधिकारी यांस,

स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आमच्याकडच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसच्या काचेवर नोटीस चिकटवली गेली. यापुढे पगाराची छापील स्लिप मिळणार नाही, ज्याला हवी त्याने मोबाइलवरच्या ॲपमध्ये बघावी. कपातीबद्दल शंका असेल तर ठेकेदाराला विचारावं. आणि शेवटी, नव्या कामगार कायद्यांमुळे हातात येणारा पगार कमी झाला तर त्याला कंपनी जबाबदार नाही. कारखान्याचं नाव मी इथे घेत नाही, कारण अशा नोटिसा एकाच गेटवर लागत नाहीत.

मी फौंड्रीच्या टाइम ऑफिसात उभी हयात पगारपत्रकं केली. निवृत्त होऊन घरी बसले तरी रविवारी सकाळी कुणी ना कुणी दारात असतंच. येळ्ळूर, देसूर, पिरनवाडी, कधी खानापूरहूनही. हातात स्लिप किंवा मोबाइलवरचा फोटो, आणि प्रश्न एकच, "बाई, एवढा पगार कापला कसा?" बहुतेक वेळा उत्तर दहा मिनिटांत मिळतं. त्यांच्या ऑफिसात हीच दहा मिनिटं कुणी का देत नाही, म्हणून हे खुलं पत्र. लिहिलंय तुम्हाला, पण गेटवर उभ्या असणाऱ्यांनीही वाचावं असा हेतू आहे.

आधी त्या 'जबाबदार नाही'बद्दल. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यात वेतनाची व्याख्या बदलली. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त दाखवले, तर वरचा भाग वेतनातच धरायचा. मूळ पगार मुद्दाम बारीक ठेवून बाकी सगळं भत्त्यांत घालणाऱ्यांना यामुळे हिशेब बदलावा लागेल. पण पीएफ, म्हणजे भविष्य निर्वाह निधी, जेवढ्या पगारावर सक्तीने कापायचा ती मर्यादा अजून १५,००० रुपयांचीच आहे. ज्याचा पीएफ आधीच १५,००० वर कापला जातो, त्याच्या हातातला पगार या व्याख्येमुळे घटत नाही. केंद्रीय कामगार मंत्रालयानेही तसा खुलासा केला आहे. मग ज्यांचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १५,००० च होतो, त्यांना ही भीती कशासाठी? आणि ज्यांचा मूळ पगार ७-८ हजारांवर अडकवून ठेवला होता, त्यांची कपात वाढली तर तुमचा वाटाही तेवढाच वाढायला हवा. ते नोटिशीत कुठे आहे?

शिवाय भत्त्यांच्या आड पीएफ लपवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २८ फेब्रुवारी २०१९ रोजी विवेकानंद विद्यामंदिर प्रकरणातच सांगून टाकलंय. सगळ्यांना सरसकट मिळणारा भत्ता पीएफसाठी मूळ वेतनातच मोडतो. म्हणजे नव्या कायद्याने आभाळ कोसळलं, असं म्हणायला जागा नाही.

आता एका स्लिपचा हिशेब मांडते. सीएनसी मशीनवरचा मुलगा, ठेकेदाराकडचा. "पगार २२,०००" असं तोंडी ठरलं. घरी त्याने आईला २२,००० सांगितले, आईने बचत गटाचा हप्ता आणि धाकटीची फी त्या आकड्यावर बसवली. खात्यात जमा झाले १७,४७२. मधले ४,५२८ गेले कुठे? घरात सगळ्यांनी ठरवून टाकलं, टॅक्स कापला.

टॅक्सचा त्यात एक रुपयाही नव्हता. मूळ पगार आणि महागाई भत्ता १५,०००, घरभाडे ३,०००, इतर १,४१८, असा एकूण पगार १९,४१८. त्यातून कामगाराचा पीएफ १२ टक्क्यांनी १,८०० आणि ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा, पाऊण टक्क्याने १४६. कामगाराकडून कायद्याने कापायचं ते एवढंच, १,९४६. उरलेले २,५८२ म्हणजे मालकाचा वाटा. पीएफचे १२ टक्के, वर विमा आणि प्रशासनाचा मिळून एक टक्का, असे १,९५०. आणि ईएसआयचे सव्वातीन टक्के, ६३२. हे सगळं २२,००० च्या पोटात बसवलेलं!

कंपनीला एक माणूस केवढ्याला पडतो, तो आकडा सांगणं गुन्हा नाही. मोठ्या शहरांत सीटीसी म्हणून तोच सांगतात आणि शिकलेली मुलं तो समजून सही करतात. पण मच्छेच्या गेटवर बारावी झालेल्या पोराला 'पगार' म्हणून तो आकडा सांगायचा आणि महिन्याच्या शेवटी स्वतःचा वाटा त्यातून वळता करून घ्यायचा, याला सरळ व्यवहार म्हणत नाहीत. काही स्लिपांवर तर मालकाचा वाटा कपातीच्या रकान्यातच छापलेला असतो. पीएफचा १९५२ चा मूळ कायदा याबाबतीत स्वच्छ आहे. मालकाने आपल्या अंशदानापोटी कामगाराचं वेतन प्रत्यक्ष किंवा आडमार्गाने कमी करायचं नाही. ठेकेदाराचा माणूस असला तरी पीएफ भरला जातोय की नाही, याची अंतिम जबाबदारी मूळ मालकाची, म्हणजे कारखानदाराची. "ते ठेकेदाराचं बघा," हे वाक्य टाइम ऑफिसात मी हजारदा ऐकलं असेल. कायद्याला ते ऐकू येत नाही.

वीसपेक्षा कमी माणसांच्या वर्कशॉपला पीएफ सक्तीचा नाही. तरी अशा दोन-तीन ठिकाणच्या चिठ्ठ्यांवर मी 'पी.एफ.' म्हणून कपात पाहिली आहे. ज्या वर्कशॉपची पीएफकडे नोंदणीच नाही, तिथे कापलेले पैसे जातात कुठे, हे त्या मालकांनीच सांगावं.

दुसरी गोष्ट आपल्या या सीमेवरचीच. बेळगावात राहून शिनोळीला कामाला जाणारे कमी नाहीत. वेंगुर्ला रस्त्याने तासाभराच्या आत माणूस कर्नाटकातून महाराष्ट्रात जातो आणि व्यवसाय कराचा नियम बदलतो. कर्नाटकात एप्रिल २०२३ पासून २५,००० च्या आत पगार असलेल्याला हा कर नाही. त्यापुढे महिना २००, आणि एप्रिल २०२५ पासून फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाचे २,५००. घटनेच्या २७६ व्या कलमाने घातलेली मर्यादाही तेवढीच आहे. महाराष्ट्रात पुरुषाला ७,५०० च्या वर १७५ आणि १०,००० च्या वर २०० कापतात, तिथेही फेब्रुवारीत ३००. बाईमाणसाला मात्र तिथे २५,००० पर्यंत माफ.

यात माणूस राहतो कुठे हे बघायचं नसतं, काम करतो कुठे ते बघायचं. म्हणून शिनोळीत १९,००० वर काम करणाऱ्या पुरुषाचे २०० कापले तर ते बरोबर, आणि उद्यमबागेत त्याच पगाराला कापले तर चूक. दोन्हीकडे माणसं पुरवणारे ठेकेदार सगळ्यांना एकच साचा लावतात, उद्यमबागेतल्या १८-१९ हजारवाल्यांचेही २०० कापतात. माझ्याकडे आलेल्या अशा स्लिपांपैकी एक शिनोळीतल्या बाईची होती, म्हणजे तिथेही चूकच. दोनशे रुपये कारखानदाराला चहापाण्याचे वाटतील. तिच्या घरी तेवढ्यात आठवड्याची भाजी येते. आणि हे पैसे सरकारकडे भरले जातात की नाही, हा पुढचा प्रश्न; कर लागूच नसेल तर ते कुठल्या खात्यावर भरले, हे दाखवावं.

ईएसआयबद्दल लिहिताना हात जड होतो. माझ्या बहिणीचा मुलगा एका फौंड्रीत ओतकामाला होता. नाव सांगत नाही, सांगून त्याचा पाय बरा होणार नाही. साच्यात लोखंडाचा रस ओतताना उडाला आणि बुटातून आत गेला. स्लिपवर दर महिन्याला ईएसआयची कपात होती. दवाखान्यात नेल्यावर कळलं की त्याचा विमा क्रमांकच कुणी काढलेला नव्हता. कामावर जखम झाल्यावर तात्पुरत्या अपंगत्वासाठी मिळणारी मजुरीची ९० टक्के रक्कम, फुकट उपचार, सगळं त्या क्रमांकावर अवलंबून. ठेकेदार म्हणाला, "पोर्टल चालत नव्हतं." कित्येक महिने? शेवटी खासगी इस्पितळाचं बिल सोसायटीतून कर्ज काढून भागवलं. त्याचे हप्ते अजून चालू आहेत, आणि तेही पगारातूनच जातात.

२१,००० पर्यंत पगार असलेल्या प्रत्येकाला ईएसआयचं संरक्षण आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. पगार मध्येच २१,००० च्या वर गेला तरी चालू सहामाही संपेपर्यंत, म्हणजे सप्टेंबर किंवा मार्चअखेरपर्यंत, कपात आणि संरक्षण दोन्ही चालू राहतात, हेही ठाऊक आहे. कामगाराला यातलं काहीच सांगितलं जात नाही. पगार वाढल्यावर ईएसआय का कापला, म्हणून तो भांडतो, आणि ज्या दिवशी खरंच गरज पडते त्या दिवशी त्याच्याकडे क्रमांक नसतो.

पीएफचं थोडं बरं आहे, कारण तिथे कामगाराला स्वतः बघता येतं. पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरणा व्हायला हवा. नोंदवलेल्या मोबाइलवरून ७७३८२९९८९९ या क्रमांकाला 'ईपीएफओएचओ यूएएन एमएआर' असा संदेश इंग्रजी अक्षरांत पाठवला की शिल्लक मराठीत येते. शेवटी एमएआरऐवजी केएएन लिहिलं तर कन्नडमध्ये. दिल्लीच्या कार्यालयाला आमच्या लोकांशी मराठीत बोलायला अडचण येत नाही. आता ही शिल्लक वाचतानाही एक गोंधळ होतो. मालकाचे १,८०० पूर्ण दिसत नाहीत, ५५०च दिसतात, आणि माणूस म्हणतो, खाल्ले. ते खाल्लेले नसतात. त्यातले १,२५० निवृत्तिवेतनाच्या रकान्यात जातात. हे एकदा फळ्यावर लिहून दाखवलं असतं तर तुमच्यावरचा निम्मा संशय गेला असता.

नावाची भानगड वेगळीच. चौगुले आडनाव शाळेच्या दाखल्यावर इंग्रजीत एक, आधारवर दुसरं, आणि ठेकेदाराच्या मुलाने घाईत टाइप केलं ते तिसरं. माणूस नोकरी बदलतो, पीएफ काढायला जातो, आणि अर्ज परत. दुरुस्तीसाठी जुन्या मालकाची मान्यता लागते तेव्हा जुना ठेकेदार फोन उचलत नाही. भरती करताना आधार समोर ठेवून नाव एकदा नीट लिहा, एवढं जरी केलंत तरी माझे निम्मे रविवार मोकळे होतील.

आयकराबद्दल फार लिहायचं कारण नाही, कारण आपल्या वसाहतींतल्या बहुतेकांना तो लागतच नाही. २०२५-२६ या वर्षाला नव्या पद्धतीत ४ लाखांपर्यंत कर नाही, ४ ते ८ लाखांवर ५ टक्के, ८ ते १२ लाखांवर १० टक्के, आणि करपात्र उत्पन्न १२ लाखांच्या आत असेल तर सवलतीने सगळा कर शून्य होतो. पगारदाराला ७५,००० ची सरसकट वजावट धरली की १२ लाख ७५ हजारांपर्यंत काही भरावं लागत नाही. महिना ६०,००० घेणाऱ्या सुपरवायझरच्या पगारातून टीडीएस, म्हणजे आगाऊ कापून घ्यायचा आयकर, कापला जात असेल तर त्याने अकाउंट्सला जाऊन विचारावं. बारा-पंधरा लाखांच्या वर असणाऱ्यांकडे त्यांचे सीए आहेत, त्यांना माझी गरज नाही.

पण एक युक्ती अलीकडे वाढली आहे, ती बोललीच पाहिजे. आयटीआय, डिप्लोमा झालेल्या मुलांना 'कन्सल्टंट' म्हणून घेतात. हजेरी लावायची, शिफ्ट करायची, साहेबाचं ऐकायचं, पण कागदोपत्री नोकर नाही. मग पीएफ नाही, ईएसआय नाही, आणि ३५,००० मधून व्यावसायिक शुल्क म्हणून १० टक्के टीडीएस, म्हणजे महिना ३,५००. वर्षाचे ४२,००० होतात. त्याचं दुसरं उत्पन्न नसेल तर वर्षाच्या ४ लाख २० हजारांवर सवलतीनंतर कर शून्यच येतो. म्हणजे हे ४२,००० पूर्ण त्याचेच. विवरणपत्र भरलं की परत मिळतात. न भरलं तर गेले. कित्येक मुलांना विवरणपत्र भरायचं असतं हेच माहीत नसतं. रजेचा, ग्रॅच्युइटीचा, बोनसचा हक्क जातो तो वेगळाच.

बाकीच्या तक्रारी भरभर सांगते, कारण त्यांत समजावण्यासारखं काही नाही. एक खाडा झाला तर दोन दिवसांचा पगार कापायचा नसतो. जेवढी गैरहजेरी तेवढीच कपात. ओव्हरटाइम दुप्पट दराने द्यायचा असतो. सेफ्टी शूजचे पैसे कामगाराकडून घ्यायचे नसतात. दंड करायचा तर वेतनाच्या तीन टक्क्यांच्या वर नाही. सगळ्या कपाती मिळून वेतनाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. नोकरी सोडली किंवा काढून टाकलं तर दोन कामकाजाच्या दिवसांत हिशेब चुकता करायचा असतो. "पुढच्या महिन्यात या" असं नव्हे. डिसेंबरात कामगार कल्याण निधीचे ५० रुपये कापता, तर त्या निधीतून मुलांना शिष्यवृत्ती मिळते हेही त्याच दिवशी सांगा.

तुमची बाजू मला कळत नाही असं नाही. पुण्याच्या गिऱ्हाइकाचं बिल अडकलं की सात तारखेला ओव्हरड्राफ्ट काढून पगार केलेले मालक मी जवळून पाहिले आहेत. अशा मालकांच्या कारखान्यात स्लिपवरून भांडणं होत नसत, कारण ते स्वतः टाइम ऑफिसात येऊन हिशेब सांगत. पैशांची ओढाताण आणि हिशेब लपवणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

भाषेचा मुद्दा काढला की आपल्याकडे लगेच सीमाप्रश्न आठवतो, म्हणून स्पष्ट लिहिते. मला त्यात हे पत्र न्यायचं नाही. माझ्याकडे येणाऱ्यांत गोकाक-बैलहोंगलची कन्नड मुलं असतात, बिहार-ओडिशाची असतात. इंग्रजी आद्याक्षरांची ती स्लिप कुणालाच वाचता येत नाही. कारखान्यातल्या सूचना बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेतही लावायच्या, हे १९४८ च्या कारखाने कायद्याने सांगितलं होतं. पंच्याहत्तर वर्षांनी मोबाइलचं ॲप काढताना ते आठवायला काय हरकत होती?

तेव्हा मागण्या. छापील स्लिप बंद करू नका. ॲप हवं तर असू द्या, पण वेतनाची स्लिप देणं ही वेतन संहितेने मालकावर टाकलेली जबाबदारी आहे आणि साध्या फोनवाल्यालाही ती मिळायला हवी. स्लिपवरचे रकाने इंग्रजीबरोबर कन्नड आणि मराठीत लिहा. मालकाचा वाटा कपातीत दाखवू नका, खाली वेगळ्या चौकटीत माहितीपुरता दाखवा. कामावर घेताना तीन आकडे कागदावर लिहून द्या: एकूण पगार, कपात, हातात येणारी रक्कम. पीएफ आणि ईएसआय भरल्याची पावती दर महिन्याला फळ्यावर लावा, ठेकेदाराच्या माणसांचीही. ज्याचा ईएसआय क्रमांक नाही त्याला ओतकामावर, भट्टीवर पाठवू नका. उद्यमबागेत ज्यांचा व्यवसाय कर चुकून कापला, त्यांचे पैसे परत करा. आणि पगारानंतरच्या शनिवारी एक तास टाइम ऑफिसात कुणीतरी बसा, ज्याला स्लिप समजते असा.

कामगार खात्याला वेगळं सांगते. पीएफ आणि ईएसआय केंद्राचे, ते तुमच्या अखत्यारीत नाहीत, हे मान्य. पण स्लिप दिली जाते का, खाड्याची कपात किती, ओव्हरटाइमचा दर काय, ठेकेदार नोंदलेला आहे का, हे बघायला तुम्हालाच यावं लागेल. तपासणीला येताना मालकाच्या केबिनमध्ये बसून रजिस्टर बघू नका. शिफ्ट सुटताना गेटवर उभे राहा आणि चार जणांच्या स्लिपा मागून बघा. कुणी मराठीत अर्ज आणून दिला तर "कन्नडमध्ये आणा" म्हणून परत पाठवू नका. राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत गाऱ्हाणं मांडायचा हक्क घटनेच्या ३५० व्या कलमाने दिला आहे.

कन्नड, मराठी आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांतला एका पानाचा स्लिपचा नमुना मी तयार करून ठेवला आहे. कुठल्याही कारखान्याने न्यावा, पैसे नकोत. येत्या दोन पगारांपर्यंत वाट बघेन. त्यानंतर ज्यांच्या स्लिपवर कपात आहे आणि खात्यावर भरणा नाही, अशांचे अर्ज त्यांच्याबरोबर जाऊन पीएफ आणि ईएसआयच्या कार्यालयांत देईन, एकेकाचा वेगळा, पोच घेऊन.

आपली,
टाइम ऑफिसातली एक निवृत्त कारकून
अनगोळ, बेळगाव